जांभईची संसर्गजन्यता : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना

जांभई ही मानवी जीवनातील अत्यंत परिचित, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने दीर्घकाळ उपेक्षित राहिलेली शारीरिक क्रिया आहे. सभागृहात एका व्यक्तीने जांभई दिली असता काही क्षणांतच शेजारच्या व्यक्तीला जांभई येते, तिच्यापासून तिसरीला येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. शिंक किंवा उचकी पाहून कोणाला शिंक वा उचकी येत नाही. जांभई मात्र पाहून येते, ऐकून येते, इतकेच नव्हे तर तिच्याविषयी वाचतानाही येते. प्रस्तुत लेख वाचतानाही काही वाचकांना त्याची प्रचिती येण्याचा संभव आहे.

या 'संसर्गा'चे कारण काय, या प्रश्नाला गेल्या चार दशकांत अनेक उत्तरे देण्यात आली. त्यांपैकी काही उत्तरे पुराव्याच्या मानाने फार लवकर लोकप्रिय झाली. 'दुसऱ्याची जांभई पाहून ज्याला जांभई येत नाही त्याच्या ठिकाणी समानुभूती कमी असते' हे विधान वृत्तपत्रांतून व व्याख्यानांतून वारंवार ऐकावयास मिळते. एखाद्या व्यक्तीच्या स्वभावाविषयी निवाडा करणारे असे विधान कितपत प्रमाणित आहे, याची तपासणी होणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. जांभईचे स्वरूप व तिच्याविषयीच्या पारंपरिक आणि शास्त्रीय धारणा यांचा परिचय करून देणे.
२. जांभईच्या संसर्गजन्यतेसंबंधीच्या प्रमुख प्रयोगांचा आढावा घेणे.
३. समानुभूतीविषयक उपपत्तीची चिकित्सा करणे.
४. अध्यापनाच्या संदर्भात या ज्ञानाची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे.

जांभईचे स्वरूप

जबडा हळूहळू पूर्ण उघडणे, दीर्घ श्वास आत घेणे, क्षणभर स्नायूंचा ताण शिगेला पोहोचणे आणि नंतर तुलनेने त्वरित श्वास सोडून तोंड मिटणे, असे जांभईचे टप्पे आहेत. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी या क्रियेचे काटेकोर मापन केले. त्यांच्या नोंदींनुसार एका जांभईचा सरासरी अवधी सुमारे ६ सेकंद असतो. एकदा सुरू झालेली जांभई मध्येच थांबविणे कठीण जाते. ओठ मिटून ती लपविता येते, परंतु ती अर्धवट राहिल्याचे असमाधान शिल्लक राहते. यावरून ही क्रिया साचेबंद क्रियाबंधाच्या वर्गात मोडते, असे प्रोव्हाइन यांनी १९८६ मध्ये प्रतिपादन केले.

ही क्रिया मेंदूच्या प्राचीन भागांतून नियंत्रित होते. अधश्चेतकातील एक केंद्रक, तसेच डोपामिन व ऑक्सिटोसिन यांसारखी रासायनिक द्रव्ये तिच्याशी निगडित आहेत. पक्षाघाताने एका बाजूचा हात निकामी झालेल्या काही रुग्णांत जांभईच्या वेळी तो हात आपोआप वर उचलला जातो, ही वैद्यकातील नोंद या दृष्टीने उद्बोधक आहे. जी हालचाल इच्छाशक्तीला अशक्य झाली आहे, ती जांभई घडवून आणते. मातेच्या उदरातील गर्भही जांभई देतो. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये २४ ते ३६ आठवड्यांच्या १५ गर्भांच्या चित्रणावरून गर्भाची जांभई आणि नुसते तोंड उघडणे यांतील भेद दाखवून दिला.

पारंपरिक धारणा

मराठीतील 'जांभई' या शब्दाचे नाते संस्कृतातील 'जृम्भा' या शब्दाशी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जे तेरा वेग रोखू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मूत्र, शिंक, ढेकर, तहान, भूक, अश्रू, निद्रा यांच्याबरोबर जृम्भेचाही समावेश होतो. योगपरंपरेत पाच उपप्राणांपैकी 'देवदत्त' या उपप्राणाशी जांभईचा संबंध जोडला आहे. जांभई येताच तोंडापुढे चुटकी वाजविण्याची रीत जुन्या पिढीत घरोघरी दिसत असे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस यांच्या परंपरेत ज्वराच्या वेळी साचलेली दूषित हवा जांभईद्वारे बाहेर पडते, असे मानले जाई. या सर्व धारणांत एक समान सूत्र आढळते : जांभईचा संबंध वायूशी जोडण्यात आला आहे. श्वासाची क्रिया डोळ्यांना दिसते, म्हणून कारणही श्वासातच शोधले गेले.

प्राणवायूच्या अभावाची उपपत्ती

आधुनिक काळात हीच धारणा वेगळ्या परिभाषेत पुढे आली. रक्तातील प्राणवायू कमी झाल्यामुळे किंवा कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे जांभई येते, असे स्पष्टीकरण आजही सर्रास दिले जाते. ते ऐकावयास तर्कसंगत वाटते आणि ते प्रयोगाने तपासताही येते. प्रोव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये नेमके हेच केले. सहभागी व्यक्तींना शंभर टक्के प्राणवायू तसेच ३ व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा श्वासासाठी देण्यात आली. कार्बन डायऑक्साइडमुळे श्वसनाची गती वाढली, परंतु जांभयांच्या प्रमाणात फरक पडला नाही. व्यायामाने श्वसन वाढविल्यावरही जांभयांचे प्रमाण तसेच राहिले. शुद्ध प्राणवायू दिल्यानेही जांभया घटल्या नाहीत. त्यामुळे या उपपत्तीला प्रायोगिक आधार उरला नाही. शिवाय प्राणवायूचा अभाव हे कारण मानले, तरी दुसऱ्याची जांभई पाहून आपल्याला जांभई का यावी, या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नव्हतेच.

संसर्गजन्यतेचे प्रायोगिक दर्शन

जांभई संसर्गजन्य आहे, हे सर्वांना ठाऊक असले तरी ते सिद्ध करणे आवश्यक होते. दोन व्यक्तींना एकापाठोपाठ जांभई येण्याची अन्य कारणे असू शकतात. रात्रीची वेळ, सारखाच कंटाळा आणि सारखेच तापमान यांमुळेही जांभया एकत्र येतील. हा भेद करण्यासाठी नियंत्रित प्रयोगाची गरज असते. प्रोव्हाइन यांनी ५ मिनिटांत ३० जांभया दाखविणारी चित्रफीत तयार केली. ती पाहणाऱ्यांपैकी ५५ टक्के व्यक्तींनी जांभई दिली. तुलनेसाठी ३० स्मितांची चित्रफीत दाखविली असता हे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याइतकेच भरले.

पुढील टप्प्यात, १९८९ मध्ये, चेहऱ्याच्या कोणत्या भागामुळे जांभई येते हे तपासण्यात आले. उघडे तोंड हेच कारण असावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात चित्रफितीतून तोंडाचा भाग झाकून टाकला तरीही पाहणाऱ्यांना जांभया आल्या. उलट केवळ तोंड दाखविले असता परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. चेहरा आडवा किंवा उलटा दाखविल्यानेही परिणाम कमी झाला नाही. आकसलेले डोळे आणि संपूर्ण चेहऱ्याची ठेवण यांतून मेंदू जांभई ओळखतो, असा याचा अर्थ होतो. तोंडावर हात ठेवून जांभई लपविल्याने शिष्टाचार पाळला जातो, परंतु संसर्ग टळत नाही.

या निष्कर्षांवर आक्षेपही घेण्यात आले. रोहन कपिटानी व मार्क निल्सन यांनी २०१७ मध्ये असा प्रश्न उपस्थित केला की, संसर्ग म्हणून जे दिसते त्यातील काही भाग हा मानवी मनाच्या आकृतिबंध शोधण्याच्या सवयीचा परिणाम तर नाही? एका जांभईनंतर किती वेळात आलेल्या दुसऱ्या जांभईला 'संसर्ग' म्हणावे, याचा निकष प्रत्येक अभ्यासात निराळा आहे. हा आक्षेप सर्वमान्य झाला नसला तरी मापनाच्या काटेकोरपणाकडे त्याने लक्ष वेधले, हे मान्य करावे लागते.

वय आणि संसर्ग

गर्भावस्थेत जांभई येते, मात्र संसर्ग त्या वेळी नसतो. मॉली हेल्ट व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक ते सहा वर्षे वयाच्या १२० मुलांना गोष्ट वाचून दाखविताना मध्येच जांभई देऊन निरीक्षण केले. साधारणपणे चौथ्या वर्षापासून मुले या जांभईला लक्षणीय प्रतिसाद देऊ लागतात, असे दिसून आले. यावरून स्वयंस्फूर्त जांभई आणि संसर्गजन्य जांभई या दोन भिन्न पातळीवरील घटना आहेत, हे स्पष्ट होते. पहिली जन्मापूर्वीपासून असते. दुसरी, इतरांच्या मनात काय चालले आहे याची जाण ज्या वयात विकसित होते, त्याच सुमारास प्रकट होते. या समकालीनतेतूनच समानुभूतीविषयक उपपत्तीचा उगम झाला.

समानुभूतीची उपपत्ती

स्टीव्हन प्लाटेक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे मांडले की, संसर्गजन्य जांभईचा संबंध आत्मभान व परमनाची जाण यांच्याशी आहे. या मताला पुढील काळात अनेक बाजूंनी आधार मिळत गेला.

१. प्राण्यांवरील निरीक्षणे : जेम्स अँडरसन व जपानी सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सहा प्रौढ चिंपांझी माद्यांना जांभयांचे चित्रण दाखविले. त्यांपैकी दोघींच्या जांभयांत स्पष्ट वाढ झाली. त्यांच्यासोबत असलेल्या तीन पिलांनी मात्र प्रतिसाद दिला नाही. मॅथ्यू कॅम्पबेल व फ्रान्स द व्हाल यांनी २०११ मध्ये २३ चिंपांझींवरील प्रयोगात, अनोळखी गटापेक्षा स्वतःच्या गटातील सदस्यांच्या जांभईने अधिक जांभया येतात, असे दाखविले. २००८ मधील एका प्रयोगात २९ कुत्र्यांपैकी २१ कुत्र्यांनी माणसाची जांभई पाहून जांभई दिली.

२. नात्याची जवळीक : इटलीतील इव्हान नोर्शा व एलिझाबेत्ता पालाजी यांनी २०११ मध्ये १०९ प्रौढ व्यक्तींचे नैसर्गिक परिस्थितीत निरीक्षण करून असा निष्कर्ष काढला की, संसर्गाचे प्रमाण नातलगांत सर्वाधिक, त्याखालोखाल मित्रांत, नंतर परिचितांत आणि अपरिचितांत सर्वांत कमी असते.

३. स्वमग्नता : स्वमग्न मुलांत संसर्गजन्य जांभई कमी आढळते, असे अत्सुशी सेन्जू व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नोंदविले.

हा पुरावा एकत्रितपणे पाहता उपपत्ती भक्कम वाटते. तथापि प्रत्येक मुद्द्याला पर्यायी स्पष्टीकरण आहे.

उपपत्तीची चिकित्सा

पहिला आक्षेप अवधानाचा आहे. माणूस आप्तांच्या चेहऱ्याकडे अधिक वेळा व अधिक वेळ पाहतो, तर अनोळखी व्यक्तीकडे टक लावून पाहणे टाळतो. जी जांभई दिसलीच नाही तिचा संसर्ग कसा होणार? स्वमग्न मुलांच्या बाबतीत हा आक्षेप निर्णायक ठरला. जपानमधील एका प्रयोगात, २०१३ मध्ये, मुलांची दृष्टी चेहऱ्याकडे आहे याची खात्री करून मगच जांभई दाखविण्यात आली, तेव्हा स्वमग्न मुले व इतर मुले यांच्या प्रतिसादांतील फरक नाहीसा झाला. म्हणजे उणीव समानुभूतीची नव्हती, नजर कोठे वळते याचा तो फरक होता. ज्या निष्कर्षाच्या आधारे एका संपूर्ण समूहावर भावनिक उणिवेचा शिक्का बसू शकला असता, तो प्रयोगाच्या मांडणीत एक बदल होताच बदलला, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरा आक्षेप थेट मापनाचा आहे. ड्यूक विद्यापीठातील एलिझाबेथ सिरुली व अलेक्स बार्थोलोम्यू यांनी २०१४ मध्ये ३२८ निरोगी व्यक्तींना ३ मिनिटांची चित्रफीत दाखविली. त्यांपैकी २२२ व्यक्तींनी किमान एकदा जांभई दिली. समानुभूती, बुद्धिमत्ता, थकवा, दिवसाची वेळ यांपैकी कोणत्याही घटकाशी संसर्गाचा ठोस संबंध आढळला नाही. केवळ वय हा घटक महत्त्वाचा ठरला. वय वाढते तसा संसर्ग घटतो, परंतु वयानेही व्यक्तीव्यक्तींमधील फरकाचा केवळ ८ टक्के भाग स्पष्ट होतो. उरलेल्या फरकाचे कारण मोजलेल्या घटकांत सापडले नाही.

तिसरा आक्षेप पुनःप्रत्ययाचा आहे. कुत्रे आपल्या धन्याची जांभई अधिक प्रमाणात उचलतात, असे काही अभ्यासांत नोंदविले गेले होते. २०२० मध्ये पूर्वीच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून केलेल्या विश्लेषणात कुत्र्यांना माणसाच्या जांभईचा संसर्ग होतो हे टिकले, परंतु परिचयाचा परिणाम टिकला नाही. योर्ग मासेन व अँड्र्यू गॅलप यांनी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन समानुभूतीशी असलेला संबंध अद्याप सिद्ध मानता येत नाही, असे मत मांडले.

चौथी बाब प्रयोगशाळेच्या वातावरणाची. आपल्याकडे कोणी पाहत आहे ही जाणीव होताच माणूस जांभई दडपतो, हे २०१६ मधील एका अभ्यासाने दाखवून दिले. तेव्हा जांभई न देणारा मनुष्य भावशून्य असेलच असे नव्हे. तो केवळ संकोची असू शकतो.

मेंदूतील प्रक्रिया

दुसऱ्याची कृती पाहताना स्वतःच्या कृतीप्रमाणेच सक्रिय होणाऱ्या चेतापेशींना 'मिरर न्यूरॉन' म्हटले जाते. जांभईचा संसर्ग यांच्यामुळेच होतो, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु फिनलंडमधील संशोधकांनी २००५ मध्ये मेंदूच्या प्रतिमांकनाद्वारे केलेल्या अभ्यासात या यंत्रणेचा विशेष सहभाग आढळला नाही. चेहऱ्याच्या हालचालींची दखल घेणारा, शंखखंडाच्या वरच्या खाचेतील भाग तेवढा अधिक सक्रिय झाला. यावरून हा संसर्ग सविस्तर अनुकरणाचा प्रकार नसून आधीच तयार असलेल्या क्रियाबंधाला मिळालेली चालना आहे, असे समजता येते. नवीन गाणे ऐकून गाणे ही एक गोष्ट, आणि तयार घंटेला धक्का लागताच ती वाजणे ही दुसरी. संसर्गजन्य जांभई ही दुसऱ्या प्रकारची आहे.

नॉटिंगहॅम विद्यापीठात २०१७ मध्ये ३६ प्रौढांवर झालेल्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट पुढे आली. जांभई दाबून ठेवण्याची सूचना दिली असता जांभई देण्याची ऊर्मी वाढते. संसर्गाकडे असलेला व्यक्तीचा कल हा मेंदूच्या प्रेरक बाह्यकाच्या उत्तेजनक्षमतेशी निगडित असल्याचेही त्यात दिसले. समानुभूतीच्या प्रश्नावलीने जो फरक स्पष्ट झाला नव्हता, त्याचा काही उलगडा शरीरशास्त्राच्या पातळीवर झाला.

उपयुक्ततेचा प्रश्न : शीतन व सावधता

संसर्गाचा उपयोग काय, या प्रश्नासाठी प्रथम जांभईचाच उपयोग विचारात घ्यावा लागतो. गॅलप पितापुत्रांनी २००७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार जांभईमुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचे तापमान घटून मेंदू शीतल होतो. त्यांच्या प्रयोगात कपाळावर थंड पिशवी धरणाऱ्यांपैकी ९ टक्के, तर इतरांपैकी ४१ टक्के व्यक्तींना संसर्गाने जांभई आली. बाहेरील हवा शरीराइतकी उष्ण असेल तर अशा शीतनाचा उपयोग उरत नाही. ॲरिझोनातील टूसॉन शहरात १६० पादचाऱ्यांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिवाळ्यात जवळजवळ निम्म्यांना, तर कडक उन्हाळ्यात पावपेक्षाही कमी लोकांना जांभई आली. व्हिएन्नामध्ये मात्र सौम्य उन्हाळ्यात प्रमाण अधिक व थंडीत कमी आढळले. २०२१ मध्ये १०१ सस्तन व पक्षी प्रजातींच्या १२९१ जांभयांचे विश्लेषण झाले. मेंदू जितका मोठा व चेतापेशी जितक्या अधिक, तितकी जांभई दीर्घ असते, असे त्यात दिसले. ही उपपत्ती अद्याप सर्वमान्य नाही. काही अभ्यासक जांभईच्या सामाजिक संदेशाला अधिक महत्त्व देतात. तथापि ती पडताळता येण्याजोगी भाकिते करते, हे तिचे बळ आहे.

जांभई ही सावधता घसरू लागल्याची खूण व ती सावरण्याचा यत्न असेल, तर समूहात तिचा संसर्ग उपयुक्त ठरू शकतो. एकाची सावधता घटली असता इतरांनी अधिक सावध होणे हिताचे असते. २०२१ मधील एका नेत्रचलन-अभ्यासात, इतरांच्या जांभया पाहिलेल्या व्यक्तींनी चित्रांतील साप अधिक लवकर ओळखले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील सिंहांच्या निरीक्षणात असे दिसले की, दुसऱ्याची जांभई उचललेला सिंह त्यानंतर त्या सिंहाच्या हालचालींचेही अनुसरण करतो. एक उठला की दुसराही उठतो. समूहाच्या विश्रांतीचा व कृतीचा मेळ राखण्याचे कार्य संसर्ग करीत असावा, या मताला त्यामुळे पुष्टी मिळते.

अध्यापनाच्या संदर्भात

वर्गात विद्यार्थ्याने दिलेली जांभई हा अध्यापकाचा अवमान समजला जातो. काही वेळा त्यावरून विद्यार्थ्याला उभे केले जाते, समज दिली जाते. वरील विवेचनाच्या प्रकाशात या प्रतिक्रियेचा पुनर्विचार होणे गरजेचे आहे. वर्गातील पहिल्या जांभईचे कारण अपुरी झोप, दुपारची वेळ, पहाटेचा एस.टी.चा प्रवास किंवा कंटाळा यांपैकी काहीही असू शकते. परंतु तिच्यामागून येणाऱ्या जांभया या बव्हंशी पहिलीचे पडसाद असतात. दहा जांभया म्हणजे दहा कंटाळलेले विद्यार्थी, हे गणित म्हणूनच चुकीचे आहे. जांभई दाबण्याचा आदेश दिल्यास ऊर्मी वाढते, हेही येथे स्मरणात ठेवावे. अशा वेळी क्षणभर विषयांतर, एखादा प्रश्न अथवा जागेवरून उठण्याची संधी अधिक परिणामकारक ठरेल. खिडक्या उघडणे हितावहच आहे, मात्र त्याचे समर्थन प्राणवायूच्या तुटवड्याने करू नये.

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठीही हा विषय उपयुक्त आहे. जांभयांची व स्मितांची अशा दोन चित्रफिती आणि नोंदवही एवढ्या सामग्रीवर नियंत्रित गट, निकष व निरीक्षकाचा प्रभाव या संकल्पना विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकविता येतील. मात्र अशा प्रात्यक्षिकातून कोणाही विद्यार्थ्याच्या स्वभावाविषयी अनुमान काढले जाऊ नये.

निष्कर्ष

१. स्वयंस्फूर्त जांभई जन्मपूर्व असून संसर्गजन्य जांभई साधारण चौथ्या वर्षापासून ठळकपणे दिसते. या दोन्हींची कारणे स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे.
२. प्राणवायूच्या अभावाची उपपत्ती १९८७ च्या प्रयोगांनंतर टिकत नाही.
३. संसर्गाची प्रत्यक्ष प्रक्रिया ही चेहऱ्याच्या आकलनातून तयार क्रियाबंधाला मिळणारी चालना आहे. तिची तीव्रता अवधान, वय व मेंदूची उत्तेजनक्षमता यांवर अवलंबून असल्याचे दिसते.
४. समानुभूतीशी असलेला संबंध शक्य असला तरी सिद्ध नाही. त्यामुळे जांभई हे व्यक्तिमत्त्वाचे मापक मानणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय आहे.
५. समूहाची सावधता व मेळ राखणे हे संसर्गाचे संभाव्य कार्य असून त्याला अलीकडील निरीक्षणांचा आधार आहे.

एका क्षुल्लक वाटणाऱ्या क्रियेच्या अभ्यासातून निरीक्षण व अनुमान यांतील अंतर किती काळजीपूर्वक ओलांडावे लागते, हे स्पष्ट होते. वर्गातील जांभईकडे पाहतानाही हीच काळजी घेतली, तर अध्यापकाचा विद्यार्थ्यावरील अन्याय टळेल आणि त्याच्या मनस्तापाचे एक कारणही कमी होईल.